निकामी लिहिलेली डबी

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. आज जरा जास्तच देऊन ठेवते, कारण पुढे तुमची खरडपट्टी आहे.

आईंच्या गुडघ्याने जिना चढायला साफ नकार दिला आहे. डॉक्टर म्हणतात, त्यांना खालीच झोपू द्या. खालची एकच खोली मोकळी करता येण्यासारखी आहे, आणि ती तुमची. म्हणजे आता तुमचं वर्कशॉप वरच्या खोलीत जाणार. तुम्हाला विचारत नाही, कळवते आहे.

काल तुमच्या खोलीचं दार उघडलं. तुम्ही त्या बेटावर बसून वाऱ्यापावसाचा चोख हिशेब ठेवता म्हणे. इथे टेबलाच्या खणात रेझिस्टर आणि स्क्रू एकत्र नांदत आहेत. डायोड औषधाच्या बाटलीत, आणि बाटलीवर ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर’. आईंच्या जुन्या चष्म्याच्या घरात कपॅसिटर. एका मोज्यात तारा भरलेल्या आहेत. मोजा धुतलेला होता, एवढं तुमच्या बाजूने बोलते.

सगळं पोत्यात कोंबून वर न्यायला मला अर्धा तास पुरेल. पण वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला पोतं शोभत नाही. शाळेत खडूचे लाकडी डबे टाकून देणार होते, ते चौसष्ट डबे मी मागून आणले आहेत. सुताराकडून आठ बाय आठची मांडणी करून घेतली. आता कुठे काय ठेवायचं ते सविस्तर लिहा. बोट पंधरा दिवसांनी तुमच्याकडे जाते, तोवर मी स्क्रू वेगळे करते.

तुम्ही जाताना दहा वेळा बजावलंत म्हणून लिहिते, ह्यांचा गळ्याला लावून बोलायचा भुंगा ठीक आहे. घशाच्या ऑपरेशनला या महिन्यात तीन वर्षं झाली. तब्येतही ठीक. नेहमीसारख्या शेवटच्या दोन ओळी ह्यांनी या वेळीही लिहिल्या नाहीत, आपल्या टायरच्या दुकानात फार गर्दी आहे.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. इथल्या वाऱ्यात एकदा वाकलेला माणूस सरळ होत नाही, म्हणून बसल्या बसल्याच करतो.

मोज्याबद्दल माफी. बाकी कशाबद्दल मागणार नाही. चष्म्याच्या घरात आतून मखमल असते, कपॅसिटर खडखडत नाहीत.

आधी ते खडूचे डबे ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस उन्हात ठेवा. खडूची पूड ओल धरते आणि मग ह्या नाजूक पायांना गंज चढतो. रेझिस्टरच्या प्रत्येक किमतीला वेगळा डबा करायच्या भानगडीत पडू नका, तुमचे चौसष्टच्या चौसष्ट तिथेच संपतील. सोनेरी पट्टा उजव्या हाताला धरायचा आणि डावीकडून तिसरा रंग बघायचा. तिसरा लाल असलेले सगळे एका डब्यात, नारिंगी दुसऱ्यात, पिवळे तिसऱ्यात. तिसरा पट्टा म्हणजे दहाचा घात. हे मी तुम्हाला शिकवावं म्हणजे कमालच झाली. पुढचं शोधणं मग मिनिटाचं काम.

मोठ्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरना हात लावायच्या आधी त्यांचे दोन्ही पाय प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाने एकमेकांना टेकवा. त्यांच्या पोटात वीज उरलेली असते. तुम्हाला झटका बसला तर आई गुडघ्यासकट इथवर येऊन मला मारेल.

ट्रान्झिस्टर तपासूनच ठेवा. दाराच्या मागे तक्ता लावला आहे. मीटरच्या काड्या कशा लावायच्या ते त्यावर काढलेलं आहे. आकडा सहाशे ते सातशेच्या मध्ये आला की चांगला, नाहीतर केराच्या टोपलीत.

खिडकीच्या वरच्या फळीवर, अगदी मागे, खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी आहे. त्यावर ‘निकामी’ लिहिलं आहे. ती मात्र आहे तशीच असू द्या. का ते भेटीत सांगेन.

आणि वहिनी, फेब्रुवारीत टायरच्या दुकानात गर्दी? त्या दोन ओळींत दादा मला वेंधळा म्हणतो, इथल्या हवेला नावं ठेवतो, नाहीतर केस कापायला सांगतो. मी इथे आल्यापासून डिसेंबरपर्यंत एकदाही चुकला नव्हता. खरं काय ते लिहा.

तुमचा,
धाकटा


७ मार्च

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद.

आधी चांगली बातमी सांगते. मांडणी झाली. वरच्या खोलीत भिंतीला चौसष्ट डबे उभे आहेत आणि प्रत्येकावर शाळेच्या वहीच्या लेबलवर माझं अक्षर आहे. वरून तीन ओळी रेझिस्टरच्या, तिसऱ्या रंगाप्रमाणे. तुमची युक्ती मान्य. मी तर आठवीच्या वर्गात रेझिस्टर नेऊन घात शिकवले, पोरं प्रथमच जागी होती. चौथ्या-पाचव्या ओळीत कपॅसिटर, मग डायोड, मग ट्रान्झिस्टर, शेवटच्या ओळीत बटणं, पिना आणि ‘हे काय आहे ते भाऊजींना विचारणे’. या शेवटच्या प्रकाराचे तीन डबे भरले. मीटर मला आता चांगलं वापरता येतं. शाळेतून आले की तासभर तिथेच बसते. खरं सांगू, तिथे बरं वाटतं.

तुमची निकामीची डबीही तपासली. तशीच असू द्या म्हणालात, पण मी तुम्हाला ओळखते, तुमच्याने जुनी पेन्सिलसुद्धा टाकवत नाही. आत पाच ट्रान्झिस्टर होते, जुनाट, पत्र्याची टोपी घातलेले. आकडे लिहून ठेवलेत: २४८, २५१, २५०, २५३, २४९. पाचही नापास. तुमचं लेबल खरं आहे, उगीच जागा अडवत होते. डबी भंगाराच्या टोपलीत टाकली.

आता ह्यांचं. मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. हे बोलत नाहीत, भाऊजी. डिसेंबरच्या शेवटापासून. भुंगा चालतो, मी स्वतः सेल घालून बघितला. गळ्याला लावला की गुणगुणतो. पण हे तो खिशातून काढतच नाहीत. मान हलवतात, बोट दाखवतात, फारच झालं तर कागदावर दोन शब्द लिहितात. दुकानात गिऱ्हाईक आलं तरच जरा लावतात, घरी मुळीच नाही.

तुम्हाला आठवत असेल, घशातलं स्वरयंत्र काढलं तेव्हा दवाखान्याने नवं मशीन दिलं होतं. त्यात सगळं एका सुरात निघायचं. ह्यांनी चार दिवसांत ते परत केलं. म्हणाले, ह्यात मी विचारलं की सांगितलं हेच कळत नाही, थट्टा तर करताच येत नाही. मग तुम्ही कुठून कुठून हा जुना भुंगा शोधून आणलात. त्याच्या बटणावर अंगठा दाबला की आवाज चढतो. त्या दिवशी ह्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, ‘आज रागावलीस का गं?’ आणि तो खरंच प्रश्न वाटला. मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. तीन वर्षं ह्यांनी त्या भुंग्यातून माझी थट्टा केली, आईंशी भांडले, रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं दिली. आणि आता हे.

मला भीती वाटते की तो आजार परत आला आहे आणि हे लपवत आहेत. मागच्या महिन्यातली तपासणी ह्यांनी टाळली. विचारलं तर कागदावर लिहितात, ‘काही नाही’. तुम्हाला त्यांनी वेगळं काही लिहिलं आहे का? असेल तर मला सांगा. माझ्यापासून लपवू नका.

वहिनी


२३ मार्च

वहिनी,

ती डबी टाकू नका. टाकली असेल तर भंगारवाल्याच्या मागे पळा. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा पंधरा दिवस उलटलेले असतील, हे मला कळतं, तरी लिहितो.

ते पाचही ट्रान्झिस्टर उत्तम आहेत. भुंगा माझ्याहून वयाने मोठा आहे. त्या काळी हे ट्रान्झिस्टर जर्मेनियम नावाच्या धातूचे करत, आजच्यासारखे सिलिकॉनचे नाही. जर्मेनियमवाला मीटरवर अडीचशेच दाखवतो. अडीचशे म्हणजे पहिला वर्ग. दाराच्या मागच्या तक्त्यावर हे लिहायचं मी विसरलो, कारण तक्ता मी माझ्यासाठी काढला होता आणि मला ते माहीत होतं. मूर्खपणा माझा.

आणि डबीवर ‘निकामी’ मीच लिहिलं, जाणूनबुजून. दादाचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगणार. कोणी काही मागितलं की हा देतो, वर चहा पाजतो. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने सहज विचारलं तर याने माझे चार ट्रान्झिस्टर उचलून दिले. ते भुंग्याचे होते, वहिनी. भुंगा कधी बंद पडला तर त्यात घालायला. तसे आता कुठे बनत नाहीत. मग मी सहा महिने बाजार पालथे घालून हे पाच मिळवले आणि डबीवर ‘निकामी’ लिहिलं. निकामी वस्तू दुसऱ्याला देणं दादाला कमीपणाचं वाटतं, त्यामुळे त्या सुरक्षित राहतील असा माझा हिशेब. त्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मागणाऱ्याला त्याने तेही सांगितलं असतं.

दादाने मला काहीही लिहिलेलं नाही. त्याला आजच्या आज दवाखान्यात न्या. नको म्हणाला तर आईला पुढे करा. काही वाईट असलं तर सरकारी वायरलेसवर निरोप द्या, माझी नोकरी गेली तरी चालेल. मी बोटीची वाट बघत धक्क्यावर उभा असतो. इथल्या माणसांना वाटतं मी वारा मोजतोय.

धाकटा


८ एप्रिल

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद, आणि आधी हे वाचा. हे बरे आहेत. डबी आहे. आता बसा आणि पुढचं सावकाश वाचा.

डबी मी टोपलीत टाकली त्याच संध्याकाळी परत काढली होती. तुमच्या पत्राची वाट पाहिली नाही. तुम्हाला लिहिलेले पाच आकडे माझ्या डोक्यातून जाईनात. भाऊजी, वर्गात पाच मुलांचं उत्तर चुकलं आणि पाचही जणांचं उत्तर एकच आलं, तर मी मुलांना रागावत नाही, आधी प्रश्न पुन्हा वाचते. पाच वस्तू बिघडल्या तर एखादी शून्य दाखवेल, एखादी काहीच दाखवणार नाही. पाचही अडीचशेवर येऊन कशा थांबतील? तेव्हा चूक तुमच्या तक्त्याची असणार असं मी ठरवलं आणि डबी कपाटात ठेवली. पण त्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं.

ह्यांना मी तुमचं पत्र यायच्या आधीच, वीस मार्चला दवाखान्यात नेलं. आईंनी काठी आपटली तेव्हा कुठे निघाले. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, फोटो काढले, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. मग म्हणाले, गळा स्वच्छ आहे, काहीही नाही. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडतो हे मला त्या दिवशी कळलं. हे माझ्या पाठीवर हात फिरवत राहिले. पण बोलले नाहीत.

मग मला वाटलं, माझ्यावरच राग असेल. आजार नाही, मग दुसरं काय? दोन आठवडे मी तसेच काढले.

परवा तुमचं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि ‘डबी चांगली आहे’ असं मोठ्याने म्हणाले. हे दारात होते. ह्यांनी पत्र माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग कपाटातून डबी काढली, ते पाच ट्रान्झिस्टर तळहातावर घेतले, मोजले. आणि खिशातून भुंगा काढून गळ्याला लावला, अंगठा पार दाबून म्हणाले, ‘गाढव!’

तुम्हाला म्हणाले. तीन महिन्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिला शब्द गाढव ऐकून कोणी बाई इतकी खूश झाली नसेल.

झालं होतं ते असं. डिसेंबरात एक दिवस भुंगा अडखळला. सेलच्या पट्टीला गंज चढला होता, टायरची ट्यूब घासतात त्या कागदाने ह्यांनी दुसऱ्या दिवशी तो काढलाही. पण त्याआधी, घाबरून, तुमच्या खोलीत ट्रान्झिस्टर शोधायला गेले. तुम्ही त्यांना पूर्वी दाखवले होते, पत्र्याची टोपी असलेले. फळीवर मागे सापडले, आणि वर तुमच्या अक्षरात ‘निकामी’. ह्यांना वाटलं, संपले. धाकट्याने आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लपवून ठेवलं. आता भुंग्यात आहेत तेवढेच.

आणि मग ह्यांनी टायरवाल्याचा हिशेब केला. जितका वापरावा तितका झिजणार. म्हणून बोलणं जपून वापरायचं. दुकानापुरतं, आणि बाकी सगळं मे महिन्यासाठी, कारण तेव्हा परगावी असलेली आपली लेक सुट्टीला येणार आहे. तिच्याशी बोलायला उरलं पाहिजे, असं म्हणाले.

मला इतका राग आला भाऊजी. मी इथे आजार मनात धरून बसले, दोन घास उतरत नव्हते, आणि हे आवाज शिल्लक टाकत होते. मी म्हटलं, मला विचारायचं तरी. तर म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तूच मला बोलू दिलं नसतंस. तेही खरंच आहे म्हणा.

राग अर्धा तास टिकला. आता दोन दिवस घरात नुसता गोंगाट आहे. आईंशी दोन भांडणं झाली, एकात आई जिंकल्या. तुम्ही फक्त एक सांगा, ट्रान्झिस्टर बोलण्याने झिजतो का? माझ्यावर ह्यांचा विश्वास नाही.

वहिनी


२२ एप्रिल

ती. वहिनी, आणि दादा, तू पण,

झिजत नाही. दिवसभर बोललास आणि शिवाय गाणी म्हटलीस तरी झिजत नाही. टायर रस्त्याला घासतो, हा कशाला घासतो? याला मारतात दोनच गोष्टी, उकाडा आणि उलटा घातलेला सेल. पहिला दादाच्या हातात नाही, दुसऱ्यावर तुम्ही लक्ष ठेवा.

पत्र धक्क्यावरच उघडलं. ‘हे बरे आहेत’ एवढं वाचलं आणि पुढची अक्षरं दिसेनात. बोटीवरचा माणूस विचारायला लागला, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, कोणीच नाही.

दादा, मला माफ कर. तुला चार वेळा सांगून समजावलं असतं तर तू ते पाच जपले असतेस, हे मला कळायला हवं होतं. तुझ्या देत्या हाताला भीत होतो, म्हणून तुझ्याशी न बोलता लेबल लावलं. आणि तू ते वाचून तीन महिने गप्प बसलास. ही गोष्ट मला इथे सहन होत नाही. जूनमध्ये रजा मिळते आहे. मी येतो.

वहिनी, तुमच्या त्या ‘भाऊजींना विचारणे’च्या तीन डब्यांत काय आहे ते मला बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तेही एक कारण आहेच.

धाकटा


८ मे

धाकट्या,

बऱ्याच पत्रांतल्या दोन-दोन ओळी बाकी होत्या, म्हणून आज पूर्ण पत्र.

गाढव म्हणालो ते मागे घेत नाही, पण अर्धं माझ्याकडे ठेवून घेतो. मीही तुला विचारलं नाही. तू लपवलं आहेस म्हणजे तुला त्याचं वाईट वाटत असणार, त्यात आणखी विचारून तुला कशाला टोचायचं, असा विचार केला. पत्रात दोन ओळी लिहायला बसलो असतो तर तेच विचारलं गेलं असतं, म्हणून तेही लिहिलं नाही. आपण दोघं एकमेकांना एवढं जपतो की कोणाला काही कळतच नाही. आई म्हणते, दोघांना एका डब्यात घालून झाकण लावा.

तुझ्या वहिनीने नवीन लेबल लावलं आहे. ‘ह्यांचा आवाज. देऊ नये.’ कोपऱ्यावरचा रेडिओवाला परवा काहीतरी मागायला आला होता. मी त्याला ते लेबल दाखवलं. चहा मात्र पाजला.

लेक येऊन चार दिवस झाले. तिच्याशी इतकं बोललो की दुसऱ्या दिवशी सेल बदलावा लागला. खूप हसलो. पण तुला मुद्दाम लिहायचं ते वेगळंच आहे.

काल सुट्टी होती. दुपारी जेवण झाल्यावर मी आपला बोलत बसलो होतो, तुझी वहिनी खुर्चीत ऐकत होती. बोलता बोलता तिला झोप लागली. हे तीन महिने ती नीट झोपलेलीच नव्हती, हे मला काल कळलं. आईने सांगितलं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आवाजाने जाग येऊ नये म्हणून मी भुंगा बंद केला. तशी ती दचकून उठली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘का थांबलात?’

मग मी पुन्हा सुरू केलं. सांगायला काही उरलं नव्हतं, म्हणून कुठल्या गाडीला कुठल्या मापाचा टायर लागतो ते सायकलपासून ट्रकपर्यंत म्हणत बसलो. ती चांगली दीड तास झोपली.

दादा